दहापैकी तीन

माझी धाकटी बहीण निपाणीला दिलेली आहे. तिचं घर दोन भाषांचं आणि आमचं इंदूरचं घरही दोन भाषांचंच. तिच्याकडे दूधवाल्याशी कानडी आणि देवाशी मराठी. आमच्याकडे दूधवाल्याशी हिंदी आणि देवाशी मराठी. भांडताना मात्र दोन्ही घरांत ज्या भाषेतला शब्द आधी हाताला लागेल तो फेकायचा, असा रिवाज आहे. त्यामुळे या अंकाचे वाचक मला परके वाटत नाहीत. पुण्याच्या पाहुण्याला जी गोष्ट तीनदा समजावून सांगावी लागते, ती तुम्हाला अर्ध्या वाक्यात कळते.

आमच्यात आणि तुमच्यात एक फरक आहे. कानडीची लिपी वेगळी, म्हणून निदान डोळ्यांना तरी कळतं की आपण आता दुसऱ्या घरात शिरलो. हिंदी-मराठीचा उंबरठा दिसत नाही. लिपी एकच, शब्द तोच, आणि अर्थ निराळा. 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून नवखा मराठी माणूस दचकतो. त्याला वाटतं, इथे छड्या मारण्याचं स्वतंत्र खातं आहे की काय! तसाच 'अंक' हा शब्द. आपल्याकडे अंक दिवाळीचा असतो, नाटकाचा असतो. हिंदीत परीक्षेत मिळतात ते अंक. आणि त्यालाच आपण मराठीत म्हणतो गुण.

या एका शब्दानं मला आयुष्यात एकदा चांगलंच पकडलं. ती हकिकत सांगायची म्हणजे १९९४ सालापासून सुरुवात करायला हवी.

त्या वर्षी फुटबॉलचा विश्वचषक अमेरिकेत होता. तिथली दुपार म्हणजे आपली मध्यरात्र. मी तेव्हा छत्तीस वर्षांचा, एका कचेरीत कारकून, आणि रात्रीच्या जागरणाला कारण शोधणारा. आमच्या जेल रोडच्या घरात टीव्ही माडीवर होता. नाना, म्हणजे माझे काका, निवृत्त झालेले, विधुर, खाली झोपायचे. पण सामना सुरू व्हायच्या पाच मिनिटं आधी त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यावर यायचाच. हातात वही. सामना अर्धवट पाहणं हा नानांच्या लेखी जेवणाच्या पंगतीतून उठून जाण्याइतका गुन्हा होता. शिट्टीपासून शिट्टीपर्यंत बसायचं, आणि शेवटी वहीत खाली लिहायचं : 'सामना पूर्ण पाहिला.' हे वाक्य ते प्रत्येक सामन्याखाली लिहीत, एखाद्या तलाठ्यानं पंचनाम्याखाली सही करावी तसं.

अंतिम सामना १८ जुलैच्या रात्री एक वाजता सुरू झाला. एकशेवीस मिनिटं गोल नाही. मग पेनल्ट्या, आणि रोबेर्तो बाजिओचा तो आकाशात गेलेला शेवटचा फटका. ब्राझील जिंकलं. नंतर दोन दिवस आमच्या घरात वर्तमानपत्रांचा ढीग पडला. सकाळी हिंदी पेपर, दुसऱ्या दिवशी अवंतिका एक्सप्रेसनं मुंबईहून आलेला मराठी, आणि आठवड्यानं एक रंगीत इंग्रजी साप्ताहिक. प्रत्येकाचा 'सर्वोत्तम अकरा' जणांचा संघ वेगळा. मी पेन्सिल घेऊन ते संघ एकमेकांशेजारी मांडत असे. रोमारिओ, स्टोइचकोव्ह, हाजी आणि माल्दिनी सगळीकडे. बाकी जागांवर मात्र प्रत्येकानं आपापली माणसं बसवलेली.

खुद्द फिफाच्या अभ्यासमंडळानं जो संघ जाहीर केला तो असा : गोलमध्ये बेल्जियमचा प्रूडोम, मागे जोर्जिन्यो, मार्सिओ सांतोस, माल्दिनी, मध्ये डुंगा, बालाकोव्ह, हाजी, ब्रोलिन, पुढे रोमारिओ, स्टोइचकोव्ह आणि बाजिओ. म्हणजे शेवटची पेनल्टी घालवणारा बाजिओ सर्वोत्तम अकरांत होता. आणि दुसऱ्या सामन्यात गुडघा दुखावल्यावर शस्त्रक्रिया करून घेऊन जो अंतिम सामन्यात परत उतरला आणि दोन तास ब्राझीलला अडवत राहिला, तो बारेसी त्यात नव्हता. का? तर तो मधले सामने खेळलाच नव्हता. "हिशेब बरोबर आहे," नाना म्हणाले, "पण माणूस हिशेबाबाहेर राहिला."

साप्ताहिकात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की इटलीतले पेपर प्रत्येक सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण देतात. तिथल्या शाळेत सहा म्हणजे पास, आणि तोच रिवाज खेळाच्या पानावर. फ्रान्सचं 'लेकिप' तर हात इतका आखडता धरतं की दहापैकी दहा मिळालेली माणसं बोटांवर मोजावीत. त्यांतला एक त्याच विश्वचषकातला : रशियाचा ओलेग सालेन्को. २८ जूनला त्यानं कॅमेरूनविरुद्ध एकट्यानं पाच गोल केले. विश्वचषकाच्या एका सामन्यात पाच गोल त्याआधी कुणी केले नव्हते, आणि आजतागायत पुन्हा कुणी केलेले नाहीत. पण रशिया साखळीतच बाद झाली, सालेन्को फिफाच्या अकरांत आला नाही आणि त्यानंतर आपल्या देशाकडून तो पुन्हा एकही सामना खेळला नाही. दहापैकी दहा मिळवून माणूस घरी गेला, तो गेलाच.

मला ही गुणांची कल्पना भारी आवडली. नानांना नाही.

नाना होळकर संघ पाहत वाढलेले. ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना इंदूरच्या म्हाताऱ्यांचा ताठा समजायचा नाही. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोचला आणि चार वेळा जिंकला. कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड. ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जात. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात इंदूरला म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एका डावात सहा शतकं : भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, सी. के. १०१, निंबाळकर १७२ आणि प्रतापसिंग १००. नाना तेव्हा तेरा-चौदा वर्षांचे. त्यांनी तो सामना पाहिला होता. पण ते कधी त्या सहा शतकांबद्दल बोलत नसत. ते बोलत गरुडाचारबद्दल.

"म्हैसूरचा गरुडाचार," ते सांगत, "त्या डावात एकोणसत्तर षटकं टाकली बिचाऱ्यानं. ३०१ धावा गेल्या, ४ बळी मिळाले. आता तुझ्या इटालियन मास्तरांना विचार, याला दहापैकी किती? दोन देतील. आणि हाच गरुडाचार दुसऱ्या डावात १६४ धावा करून गेला. सामना डावानं गेला तो गेलाच. मग किती?"

आणि सी. एस. नायडूंचं उदाहरण तर ते न चुकता देत. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध सी. एस. नी दोन डावांत मिळून ९१७ चेंडू टाकले, ४२८ धावा दिल्या, ११ बळी घेतले. त्याच सामन्यात मुश्ताकची दोन्ही डावांत शतकं, आणि होळकरांकडून खेळणाऱ्या डेनिस कॉम्प्टनच्या नाबाद २४९. तरी होळकर ३७४ धावांनी हरले. "९१७ चेंडूंना एक आकडा कसा पुरेल रे?" नाना म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचो. छत्तिसाव्या वर्षी माणसाला म्हाताऱ्यांचे प्रश्न जुने वाटतात.

त्याच वर्षी पावसाळा सरता सरता गावात एक फुटबॉलची स्पर्धा झाली. क्रिकेटच्या या गावात फुटबॉलला तुमच्या बाजूसारखा मान नाही. कोल्हापुरात पेठांचे आणि तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर घरचं कार्य असल्यासारखी गर्दी लोटते. आमच्याकडे महूच्या छावणीकडची पोरं, गिरण्यांच्या वस्तीतली पोरं आणि दोन-चार कॉलेजं, एवढाच मामला. पण एका हिंदी सांजपेपरच्या संपादकांशी माझी ओळख होती आणि मी त्यांच्याकडे टोपणनावानं अधूनमधून खेळावर लिहीत असे. मी त्यांना इटलीची गोष्ट सांगितली. ते खूश झाले. "हर खिलाड़ी को दस में से अंक! वाह! लिखो." सामन्यामागे पंचवीस रुपये ठरले.

पहिल्या आठवड्यातच पेपर मैदानावर हातोहात जाऊ लागला. पोरं माझं सदर उभ्यानं वाचायची. कुणाला आठ मिळाले की त्याचे मित्र त्याला खांद्यावर घ्यायचे, आणि चार मिळाले की त्याला दिवसभर 'चार' म्हणूनच हाक मारायचे. मला त्यात मजा वाटत होती हे कबूल करतो. कचेरीत माझ्या शेऱ्याला कुणी विचारत नसे. इथे माझ्या एका आकड्यानं बावीस पोरांचे चेहरे बदलत होते.

दुसरा उपांत्य सामना बुधवारी साडेचारला होता. मी कचेरीतून स्कूटरवर निघालो आणि पाटनीपुऱ्याच्या पुढे पावसानं गाठलं. एका चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली उभा राहिलो. तिथे कढईतून कचोऱ्या निघत होत्या आणि एक जुना वर्गमित्र भेटला. पाऊस वीस मिनिटांत थांबला. मी मात्र पाऊण तास थांबलो. एवढ्या चिखलात पहिल्या हाफमध्ये काय फुटबॉल होणार, अशी मी माझी समजूत घातली.

मैदानावर पोचलो तेव्हा हाफटाइम झाला होता. शेजारच्याला स्कोअर विचारला. तीन-शून्य. गिरणीवस्तीतला संघ मागे होता. त्यांच्या गोलमध्ये एक उंच, हडकुळा मुलगा, अठरा-एकोणीस वर्षांचा, चिखलानं डोळ्यांपर्यंत माखलेला. दुसऱ्या हाफमध्ये मी त्याला एकच गोल खाताना पाहिला : साधा, सरपटत आलेला चेंडू, त्याच्या अंगाखालून निसटला. चार-शून्य. घरी जाऊन मी अकरा अधिक अकरा आकडे लिहिले. विजयी संघाच्या गोलकीपरला सात. या मुलाला तीन. शेजारी तीन शब्द : 'आत्मविश्वास की कमी.'

जो अर्धा सामना मी पाहिलाच नव्हता, त्याचे गुणही त्या तीनमध्ये धरलेले होते.

स्पर्धा संपली तसा मी सांजपेपरात माझा सर्वोत्तम संघ दिला. नानांनीही आपला संघ काढला. त्यांचा छापखाना म्हणजे आमच्या मराठी मंडळाच्या वाचनालयातला फळा. तिथे त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात अकरा नावं लिहिली आणि प्रत्येक नावासमोर एक ओळ. गुण नाहीत. मी सायंकाळी तिथे गेलो आणि सवयीनं माझा संघ त्यांच्या संघाशेजारी मांडून पाहिला. सहा नावं जुळत होती. न जुळणाऱ्यांत पहिलंच नाव गोलकीपरचं होतं. माझा, विजयी संघाचा, सातवाला. त्यांचा, तो हडकुळा.

समोर लिहिलं होतं : 'उपांत्य सामन्यात पहिल्या हाफमध्ये एक पेनल्टी व सहा फटके अडवले. पहिला गोल स्वतःच्याच बॅकच्या पायाला लागून. दुसऱ्या दोन वेळा चेंडू डबक्यात अडला. अकराव्या मिनिटापासून संघात दहाच खेळाडू होते.' आणि खाली नेहमीचं वाक्य : 'सर्व सामने पूर्ण पाहिले.'

मी तो फळा दोनदा वाचला. नानांनी मला हाफटाइमनंतर येताना पाहिलं होतं का? त्यांची घडीची खुर्ची मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असे. ते खालचं वाक्य माझ्यासाठी होतं की नेहमीचंच? मी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. दोघंही बरोबरच घरी आलो. वाटेत ते गरुडाचारबद्दलसुद्धा बोलले नाहीत.

पुढच्या रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला दारात एक बाई उभ्या राहिल्या. नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारी, हातात पिशवी. रामबागेतल्या दोन-तीन घरी पोळ्या लाटायला जात. बोलण्यात खानदेशी वळण. नवऱ्याची गिरणी बंद पडलेली, मोठा मुलगा खेळणारा.

"दादा, पेपरात ते तुम्हीच लिहिता ना?"

मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतून एक कात्रण काढलं. फक्त त्यांच्या मुलाच्या संघाचा तुकडा कापलेला होता. वरचं शीर्षक, ज्यात 'दस में से' छापलेलं होतं, ते कापताना गेलं होतं. मुलाच्या नावापुढे ३.

"आम्ही घरात मराठीच बोलतो," त्या म्हणाल्या, "पण हिंदी वाचता येतं मला. इथे अंक म्हटलंय, म्हणजे गुणच ना? आता माझ्या पोरात तीनच गुण आहेत का हो? सकाळी चारला उठून पाणी भरतो, बापाला अंघोळ घालतो, मग पळायला जातो." मग जरा थांबून, "तो म्हणतो, हे पाचपैकी आहेत. मला खरं सांगा. एका खात्यात खेळाडूंची भरती निघालीय. अर्जाला कात्रणं जोडायची असतात. हे जोडू का?"

माझ्यासमोर पोह्यांची बशी होती. नाना पलीकडे खुर्चीत. माझ्याजवळ खरं सांगायला दोन गोष्टी होत्या : एक, हे दहापैकी आहेत, दोन, मी अर्धाच सामना पाहिला. पहिली सांगितली तर मुलगा खोटा ठरत होता. दुसरी सांगितली तर मी.

"पाचपैकीच," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा सैल झाला. "मग पास आहे," त्या म्हणाल्या. "पाचात तीन म्हणजे बरे आहेत."

"पण हे जोडू नका. यापेक्षा चांगलं मी लिहून देतो. अंतिम सामन्याच्या लेखात त्याच्याबद्दल यायचं राहिलंय, ते घालतो."

त्या नमस्कार करून गेल्या. नानांनी पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "चहा तरी द्यायचास तिला."

एवढंच.

मी लिहिलं. सोमवारीच लिहिलं. त्या मुलानं अडवलेल्या पेनल्टीबद्दल, डबक्यांबद्दल, दहा जणांबद्दल. सगळं नानांच्या फळ्यावरून उतरवून. मी तो सामना अर्धाच पाहिला होता, हे मात्र त्यातही लिहिलं नाही. संपादकांनी मजकूर पाहिला आणि परत केला. स्पर्धा संपली होती, हरलेल्या संघाच्या गोलकीपरचं आता कोण वाचणार? त्यांच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. मी आणखी एकदा जायला हवं होतं. निदान हातानं लिहून, सही करून, बाईंना नेऊन द्यायला हवं होतं. रामबाग आमच्या घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. पण आज जाऊ, उद्या जाऊ, करत दिवाळी आली, आणि दिवाळीनंतर जायला तोंड उरलं नाही. मुलाची निवड झाली नाही असं पुढे कुणाकडून तरी कळलं. माझ्या तीनामुळे झाली नाही असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं म्हणजे माझ्या आकड्याला पुन्हा एकदा नको तितकं महत्त्व देणं. पण अर्जाला एक कात्रण कमी लागलं, ते माझ्यामुळे.

त्यानंतर मी गुण देणं बंद केलं. सदरही थोड्याच दिवसांत बंद पडलं. नाना २००१ साली गेले. त्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत.

विश्वचषक मात्र दर चार वर्षांनी येत राहिले आणि त्यांच्या मागोमाग याद्याही. २००२ साली जर्मनीच्या ऑलिव्हर कानला स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं गेलं. हा मान मिळालेला तो एकमेव गोलकीपर. पण पत्रकारांची बरीचशी मतं अंतिम सामन्याआधीच पडलेली होती. आणि अंतिम सामन्यात रिव्हाल्डोचा फटका त्याच्या हातून सुटला, रोनाल्डोनं गोल केला, मग दुसराही केला. लोक म्हणाले, बघा, सामना पाहण्याआधीच गुण दिले! मी तेव्हा गप्प होतो. त्यांनी निदान आधीचे सामने पूर्ण पाहिले होते.

आता २०२२ साल. इंदूरला ते वर्ष लक्षात राहिलं ते जूनमधल्या रणजी करंडकामुळे. मध्य प्रदेशानं बंगळूरला मुंबईला हरवलं आणि होळकरांच्या १९५२-५३ च्या विजयानंतर प्रथमच करंडक या मुलखात आला. नाना असते तर पाच दिवस खुर्चीतून उठले नसते. आणि डिसेंबरात फुटबॉलचा अंतिम सामना झाला, अर्जेंटिना आणि फ्रान्सचा. मागून पुढच्याच रविवारी मी नातवाला घेऊन एका मैदानावर गेलो. तो नऊ वर्षांचा, घरातही अर्धं हिंदी बोलणारा. तिथे सकाळी कुणी एक 'सर' मुलांना फुटबॉल शिकवतात, पैसे नाममात्र घेतात, असं कळलं होतं.

सर उंच होते. पोट जरा सुटलेलं, केस पिकू लागलेले. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात नोकरी, सकाळी हे. त्यांनी नातवाचं नाव लिहून घेतलं, आडनाव ऐकलं आणि वहीवरून मान वर केली.

"तुम्ही जेल रोडचे ना, काका? पेपरात लिहायचे ते?"

मी ओळखलं. खरं म्हणजे मैदानात शिरतानाच ओळखलं होतं. चेंडू छातीशी धरायची ती पद्धत. मुलं मैदानाला फेऱ्या मारत होती. आम्ही कडेच्या कट्ट्यावर बसलो. थोडा वेळ अर्जेंटिनाबद्दल बोललो. मग ते म्हणाले, "काका, एक विचारू? मार्टिनेझला किती द्याल? दहापैकी?"

एमिलियानो मार्टिनेझनं त्या अंतिम सामन्यात एम्बापेचे तीन गोल खाल्ले होते. आणि शेवटच्या क्षणाला कोलो मुआनीचा फटका डाव्या पायानं अडवून, पेनल्ट्यांमध्ये कोमानला रोखून अर्जेंटिनाला विश्वचषक मिळवून दिला होता. त्यानं आठवड्यापूर्वी काय केलं ते सगळ्या जगानं पाहिलं होतं.

"मी आता देत नाही," मी म्हणालो. आणि मग अठ्ठावीस वर्षं घशाशी असलेलं ते एकदाचं बाहेर आलं. "त्या दिवशी मी तुमचा पहिला हाफ पाहिला नव्हता. पाऊस होता. नाही, पाऊस थांबला होता. मी कचोरी खात उभा होतो."

"माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"हाफटाइमला आम्ही बाजू बदलली ना, तेव्हा माझा गोल फाटकाकडचा झाला. तुमची स्कूटर आत येताना दिसली मला. निळी प्रिया होती. गोलकीपरला सगळं दिसतं हो, काका, कामच ते. मग शुक्रवारी पेपरात तीन आले."

"कुणाला बोलला नाहीत?"

"कुणाला बोलणार? मी चार खाल्ले होते." ते हसले. "आईला सांगितलं पाचपैकी आहेत. तिनं ठरवलं तुमच्याकडे जायचं, तेव्हा माझी हालत खराब. रात्रभर झोप नाही. परत आली ती खूश. म्हणाली, साहेबांनी पण सांगितलं, पाचपैकीच. तुम्ही मला वाचवलंत त्या दिवशी."

"मी मला वाचवलं."

त्यावर ते काही बोलले नाहीत. मुलं चौथ्या फेरीवर होती. माझा नातू शेवटून दुसरा.

"आई?" मी विचारलं.

"आहे ना. देवासला बहिणीकडे असते. अजून सांगते सगळ्यांना, माझा मोठा पेपरात पास झाला होता म्हणून. ते कात्रण देवाच्या फोटोमागे लावलेलं आहे."

मी जाऊन त्यांना खरं सांगावं का, हा प्रश्न मी त्यांना विचारला नाही. ते उत्तर त्यांच्या गळ्यात मारायला नको होतं. पण घरी आल्यावर नानांची १९९४ ची वही काढली. त्या बुधवारचं पान शोधलं. फळ्यावर होतं ते सगळं त्यात होतं आणि वर मिनिटामिनिटाची नोंद. सदतिसाव्या मिनिटाला पेनल्टी. 'उजवीकडे झेप. दोन्ही हात.' मी ते पान स्वच्छ अक्षरात उतरवून काढलं, मराठीतच, आणि खाली लिहिलं की हा सामना मी अर्धाच पाहिला होता, ही नोंद माझ्या काकांची आहे, त्यांनी तो पूर्ण पाहिला. आणि मी पेपरात दिलेला आकडा दहापैकी होता व चुकीचा होता. सही केली, तारीख घातली.

पुढच्या रविवारी तो कागद सरांना दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि चार घड्या करून खिशात ठेवला.

"हा आईला दाखवायचा की नाही, ते मी बघतो," ते म्हणाले.

"ते तुमच्याकडेच," मी म्हणालो.

त्या दिवशी मुलांचा आपसात सामना होता. त्यांनी गळ्यातली शिट्टी काढली, घड्याळ पाहिलं आणि मला कट्ट्यावरची जागा दाखवली. "बसा काका. आता सुरुवातच आहे."

मी बसलो. वही बरोबर नेली होती.